त्वचा आतून सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं

कोरडी, ओढल्यासारखी त्वचा कडक गरम पाण्याने आणि साबणाने झाली असेल, तर दिवसाला दोन लिटर जास्त पाणी पिऊन ती सुधारत नाही. उलट शरीरात लोह कमी असेल किंवा थायरॉइड मंदावलं असेल, तर कितीही चांगलं क्रीम चोपडा, फरक जेमतेमच पडतो. त्यामुळे ‘आतून की बाहेरून’ हा वाद फारसा कामाचा नाही. बिघाड कुठल्या वाटेने आला, हे शोधणं कामाचं आहे, आणि ते शोधायचं तर सगळं एका क्रमाने करावं लागतं. आधी नुकसान थांबवायचं, वरचा थर भरून येऊ द्यायचा, त्याच्या जोडीने खाणं-झोप रुळावर आणायची, आणि एवढं करूनही जे उरेल त्यासाठी औषध. बहुतेक जण नेमकी शेवटच्या टोकाकडून सुरुवात करतात.

घाई का चालत नाही

बाह्यत्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत येऊन गळून पडायला तरुण वयात साधारण चार ते सहा आठवडे लागतात. वय वाढतं तसा हा काळ लांबतो. म्हणजे आज आरशात दिसतेय ती त्वचा महिन्याभरापूर्वी घडायला लागलेली असते. म्हणून कुठल्याही बदलाला सहा आठवडे द्यायचे, मुरुमांच्या औषधाला आठ ते बारा, आणि काळ्या डागांना तीन ते सहा महिने. दर दहा दिवसांनी सिरम बदलणाऱ्याला कशाचा फायदा झाला ते कधीच कळत नाही. चुणचुण, लाली मात्र हमखास पदरात पडते.

एका वेळी एकच बदल करा आणि पुढच्या बदलाआधी निदान दोन आठवडे जाऊ द्या. आठवड्यातून एकदा त्याच खिडकीशी, त्याच वेळी, फिल्टर न लावता फोटो काढून ठेवा. रोजच्या आरशातला अंदाज बेभरवशाचा असतो.

पहिले दोन आठवडे: काढून टाकायचं

सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच ठेवा. स्क्रब, टोनर, फेसपॅक, लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, सगळं बंद. (डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध यात धरू नका, ते सुरूच ठेवायचं.)

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधलं सिमेंट म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. आतलं पाणी बाहेर उडू न देणं आणि बाहेरचे जंतू नि त्रासदायक पदार्थ आत येऊ न देणं, ही दोन्ही कामं हाच थर करतो. त्याचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच साधारण पाचच्या आसपास. ते सिमेंट तयार करणारी विकरं याच आम्लतेत नीट चालतात. नेहमीच्या साबणाचा पीएच नऊ ते दहा असतो आणि खाण्याच्या सोड्याचा आठच्या वर. लिंबाचा रस दुसऱ्या टोकाला, दोनच्या जवळ, शिवाय तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठून पुढे महिनोन्‌महिने काळे डाग राहू शकतात. ‘नैसर्गिक’ आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज सोडलेला बरा.

यात एकच अपवाद जपून हाताळायचा. झटपट उजळ करणारी, नाव-गाव नसलेली किंवा कुणी तरी ‘मिसळून’ दिलेली क्रीम बऱ्याचदा स्टेरॉइडची असतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं नाव दिसलं आणि ती चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली जात असेल, तर एका झटक्यात बंद करू नका. काही दिवसांत चेहरा लाल होऊन आग व्हायला लागते, माणूस घाबरून पुन्हा तेच क्रीम लावतो आणि चक्र सुटत नाही. पातळ झालेली कातडी, दिसू लागलेल्या बारीक शिरा, उन्हात गेल्यावर होणारी आग, नव्याने उगवलेली लव ही त्याची लक्षणं. त्वचारोगतज्ज्ञ ते टप्प्याटप्प्याने उतरवतात. गजकर्णावर असं क्रीम लावलं तर खाज थांबते, कडा पुसट होतात आणि बुरशी मात्र पसरत राहते. घटकांमध्ये ‘मर्क्युरी’ किंवा ‘कॅलोमेल’ दिसलं तर मात्र विचार करू नका, लगेच बंद करा. पारा त्वचेतून शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो.

धुणं आणि मॉइश्चरायझर

चेहरा दिवसातून दोनदा धुवायचा, कोमट पाण्याने. घाम आला तर तिसऱ्यांदा नुसत्या पाण्याने. धुतल्यावर त्वचा ‘चकचकीत स्वच्छ’ आणि ताणलेली वाटली, तर फेसवॉश कडक आहे असं समजा. अंघोळ पाच ते दहा मिनिटांची पुरे. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यापुरता ठेवा. हातापायांना रोज फेस काढायची गरज नसते, कारण तिथे तेलग्रंथी आधीच कमी असतात आणि हिवाळ्यात पहिली फुटते ती नडगीच.

अंग टिपून घ्यायचं, घासून नाही. ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावायचं. निवडताना वेष्टनाची पुढची बाजू सोडून मागची वाचा. पाणी ओढून धरणारं ग्लिसरीन किंवा ५ ते १० टक्के युरिया, फटी भरणारं सेरामाइड, आणि वरून झाकण घालणारं पेट्रोलेटम किंवा डायमेथिकोन, या तीन कामांपैकी निदान दोन करणारे घटक हवेत. हवा फार कोरडी असताना नुसतं ग्लिसरीन लावून भागत नाही, वर झाकण लागतंच. साधं पेट्रोलियम जेली या बाबतीत महागड्या डब्यांना सहज मागे टाकतं. फक्त मुरुमांच्या चेहऱ्यावर ते चिकट वाटतं, म्हणून ओठ, टाचा आणि हातांसाठी ठेवा. टाचांच्या भेगांना २० ते ३० टक्के युरिया लागतो. तेल लावायचंच असेल तर सूर्यफुलाचं चालेल. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल जास्त असतं आणि ते वरच्या थराची बांधणी सैल करतं, म्हणून इसब असणाऱ्यांनी आणि लहान बाळांना ते लावू नये.

प्रमाणाबाबत एक माप लक्षात ठेवा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं दोन पंजे भरतील इतक्या भागाला पुरतं. प्रौढ माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी सुमारे २० ग्रॅम लागतं. पन्नास ग्रॅमची ट्यूब अंगभर लावून महिनाभर टिकत असेल, तर ‘मला कुठलंच क्रीम लागू पडत नाही’ याचं उत्तर तिथेच आहे.

सनस्क्रीन, आणि ते का फसतं

एसपीएफ ३० अतिनील-बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० साधारण ९८. पण ही मोजमापं दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून केलेली असतात. प्रत्यक्षात लोक त्याच्या निम्मं किंवा पाव लावतात आणि संरक्षणही घसरतं. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीच्या दोन रेघा लागतात. बाहेर पडायच्या पंधरा मिनिटं आधी लावा, उन्हात असाल तर दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर पुन्हा. कान, मानेची मागची बाजू आणि हाताचे पंजे हटकून राहून जातात.

सुरकुत्या आणि डाग वाढवणारे अतिनील-ए किरण खिडकीच्या साध्या काचेतून आत येतात. म्हणून फक्त एसपीएफ न बघता ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं घ्या. वांग किंवा मुरुमांनंतरचे काळे डाग असतील तर आणखी एक गोष्ट: दिसणारा प्रकाशसुद्धा, विशेषतः सावळ्या त्वचेत, डाग गडद करतो. तो रंगहीन सनस्क्रीनने अडत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. डागांवर महिनोन्‌महिने औषध लावूनही काही होत नसेल तर बहुतेक वेळा औषध ठीक असतं, सनस्क्रीन अपुरं असतं.

आता ताटाकडे

खाण्याचा परिणाम खरा आहे, पण तो दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे कमतरता. ती भरून काढली की फरक स्पष्ट दिसतो. दुसरा म्हणजे खाण्याने चिथावले जाणारे त्रास, आणि त्यात माणसागणिक बराच फरक पडतो. तिसरा प्रकार, म्हणजे आधीच पुरेसं मिळत असताना आणखी खाऊन ‘तेज’ आणणं, हा जवळपास सगळा जाहिरातीचा प्रांत आहे.

कमतरतेत पहिलं नाव प्रथिनांचं. निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला किमान ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, दूध-दही, सोयाबीन यातलं काही तरी प्रत्येक जेवणात आलं नाही तर हा आकडा गाठत नाही. झटपट वजन उतरवणाऱ्यांना याचा फटका उशिरा कळतो: उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळायला लागतात आणि तोवर कारण विसरलेलं असतं.

त्वचेला घट्टपणा देणाऱ्या कोलेजन या प्रथिनाचे धागे नीट विणले जायला ‘क’ जीवनसत्त्व अत्यावश्यक आहे. ते अजिबात मिळालं नाही की स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं आणि जखमा भरत नाहीत. पण त्यासाठी लागतं दिवसाला ७५ ते ९० मिलिग्रॅम, आणि एक पेरू किंवा एखादं मोठं संत्रं त्याची सोय करतं. धूम्रपान करणाऱ्याला ३५ मिलिग्रॅम जास्त लागतं. अर्थात सिगारेट कोलेजन मोडणारी विकरंही वाढवते, तेव्हा जास्तीची फळं खाऊन तो हिशोब जुळत नाही.

स्निग्ध पदार्थ पूर्ण तोडणं हीदेखील चूक. सेरामाइडच्या बांधणीत लिनोलिक आम्ल लागतं आणि ते शरीर स्वतः बनवत नाही. बिनतेलाच्या कडक आहारावर काही महिने राहिलेल्यांची त्वचा खरखरीत, कोंड्यासारखी सुटणारी होऊ शकते. मूठभर दाणे किंवा सुकामेवा आणि स्वयंपाकात बेताचं तेल एवढं पुरतं. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा तेलकट मासा.

आता चिथावणारं खाणं. साखर आणि मैद्याचे पदार्थ रक्तातली साखर चटकन वाढवतात, त्यामागे इन्सुलिन आणि आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखंच एक संप्रेरक) वाढतं आणि तेलग्रंथींना जास्त तेल बनवायचा इशारा मिळतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत, साखर हळू चढवणारा आहार घेतलेल्या तरुणांचे मुरुम नेहमीचं खाणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाले. पण त्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय नुसत्या आहाराला देता येत नाही. तरीही करून बघण्यासारखं आहे: गोड पेयं, बिस्किटं, पांढरा पाव तीन महिने बाजूला ठेवा. फळं बंद करायची गरज नाही, फळांचे रस मात्र बंद करा.

दुधाचा मुरुमांशी संबंध काही पाहण्यांमध्ये दिसतो, साय काढलेल्या दुधाचा जरा जास्तच, पण दूध हेच कारण, असं सिद्ध झालेलं नाही. व्हे प्रोटीनची पावडर सुरू केल्यावर छाती-पाठीवर मुरुम आले असतील तर आधी ती आठ आठवडे थांबवा. सरसकट दूध तोडणं, त्यातही वाढत्या वयाच्या मुलांचं, हा शेवटचा पर्याय.

पाण्याबद्दल थोडक्यात: तहान लागेल तेव्हा प्या, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. शरीराला पाणी पुरेसं असताना आणखी प्यायलं तर ते लघवीवाटे जातं, वरच्या थरापर्यंत विशेष पोचत नाही. आणि ‘विषारी द्रव्यं’ बाहेर काढण्याचं काम यकृत नि मूत्रपिंडं करतात, त्यासाठी वेगळा रस लागत नाही.

गोळ्यांचं काय

आहार धड असेल तर बहुतेक गोळ्या अनावश्यक. त्यातल्या काही नुसत्या निरुपयोगी नाहीत, घातकही आहेत. ‘अ’ जीवनसत्त्व साठत जातं आणि जास्त झालं की त्वचाच कोरडी पडते, केस गळतात, यकृताला इजा होते. गर्भारपणात ते बाळाला व्यंग आणू शकतं. जस्त रोज ४० मिलिग्रॅमच्या वर बराच काळ घेतलं तर तांब्याची कमतरता होते. कोलेजनच्या पावडरीने ओलावा आणि लवचिकपणा थोडा सुधारल्याचे काही अभ्यास आहेत, पण त्यातले बरेच विकणाऱ्यांच्याच पैशाने झालेले. पोटात गेलेलं कोलेजन पचून तुटतं, गालावर जाऊन जसंच्या तसं बसत नाही. गाजर-पपई सपाटून खाल्ल्याने तळवे पिवळे झाले तर घाबरू नका, डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नव्हे.

झोप, ताण आणि नखं

संध्याकाळनंतर त्वचेतून पाणी उडण्याचं प्रमाण वाढतं आणि खाजही. म्हणून जाडसर मॉइश्चरायझरची वेळ सकाळची नाही, झोपण्याआधीची. खोली थंड ठेवा, पांघरूण सुती घ्या. प्रौढांना सात ते नऊ तास झोप लागते. ती सतत कमी पडली तर वरच्या थराची दुरुस्ती मंदावते. परीक्षांच्या काळात विद्यार्थ्यांचे मुरुम वाढतात आणि त्वचेची दुरुस्ती हळू होते, हेही तपासून पाहिलेलं आहे. ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला पाळणं अर्थातच कुणाच्या हातात नसतं. हातात असतं ते चेहऱ्यापासून बोटं लांब ठेवणं. ताणात माणूस नकळत फोड कुरतडतो, आणि आठवड्यात बसली असती अशी पुटकुळी सहा महिन्यांचा डाग होऊन बसते. नखं बारीक कापा आणि फुटलेल्या पुटकुळीवर हायड्रोकोलॉइडची (ओल शोषून घेणारी, चिकटणारी) चकती लावा. खपली धरत नाही आणि मुख्य म्हणजे हात लागत नाही.

व्यायाम जरूर करा, पण घामाचे घट्ट कपडे अंगावर वाळू देऊ नका. कपाळावर, छातीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या उठल्या तर ते मुरुम नसून केसांच्या मुळाशी वाढलेली बुरशी असू शकते. अँटिबायोटिकने ती वाढते, बुरशीनाशकाने जाते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून औषधी घटक

आग, चुणचुण पूर्ण थांबल्याशिवाय इकडे वळू नका. नवं काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून बघा.

काळ्या-पांढऱ्या टोकांच्या बारीक पुटकुळ्या असतील तर २ टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल. लाल, पू धरणाऱ्या असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड, तेही २.५ टक्के. तीव्रता वाढवली की फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे वापरा, रंगीत कापडावर डाग पडतात. डाग आणि मुरुम दोन्ही असतील तर १५ ते २० टक्के ॲझेलेइक आम्ल, जे गर्भारपणातही चालतं. रेटिनॉइड, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतली औषधं, सगळ्यात गुणकारी, आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जाणारं: रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मग एकाआड एक. फक्त फोडांवर ठिपके देऊ नका, ते नवे फोड अडवण्यासाठी असतं. सुरुवातीला पुटकुळ्या थोड्या वाढून दिसतात आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. सालं सुटायला लागली तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर. गर्भारपणात किंवा त्याची तयारी असताना रेटिनॉइड वर्ज्य.

त्वचा जेव्हा आतली तक्रार सांगते

काही खुणांवर क्रीम शोधत बसू नये. मान, काख इथली कातडी काळसर, जाड, मखमली झाली की लोक मळ समजून घासत बसतात. बहुतेक वेळा ती इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते, तेव्हा उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासा. हनुवटी-जबड्यावर हट्टी मुरुम, जोडीला अनियमित पाळी आणि हनुवटीवर राठ केस असतील तर पीसीओएसच्या (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) दिशेने तपासणी हवी. कोरडेपणाबरोबर थंडी सोसत नसेल, वजन वाढत असेल, बद्धकोष्ठ असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. बोटांच्या सांध्यांवर नव्याने काळेपणा आला, जीभ गुळगुळीत आणि लाल झाली तर बी-१२. ओठांचे कोपरे सारखे फाटत असतील, दम लागत असेल, केस गळत असतील तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा).

पुरळ नसताना सहा आठवड्यांहून जास्त अंगभर खाज राहिली तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्ताची तपासणी करतात. पण रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यात असणारी आणि घरातल्या इतरांनाही सुटलेली खाज असेल तर आधी खरजेचा विचार करा. अशा वेळी घरातल्या सगळ्यांचा उपचार एकाच दिवशी झाला नाही, तर ती फिरून येते. तीळ दोन्ही बाजूंनी वेगळा दिसू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला, ६ मिलिमीटरहून मोठा झाला किंवा वाढतोच आहे, तर थांबू नका, तो त्वचेचा कर्करोग असू शकतो. सावळ्या त्वचेत असा कर्करोग तळहात, तळपाय आणि नखाखाली येण्याचं प्रमाण तुलनेने जास्त असतं, म्हणून तिथेही बघा.

डॉक्टरांकडे जाताना वापरात असलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्या पिशवीत घालून न्या, फोटोही दाखवा, आणि तिथे जाताना मेकअप नको. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं, त्यामुळे रक्त द्यायच्या निदान दोन-तीन दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, ते थांबवावं लागतं.